पिपरमिंटला शेवटचं पाणी

जेठ लागून तीन दिवस झाले आणि इंजिनानं पाणी द्यायचं सोडलं.

आवाज तोच होता, धक्के तेच होते. पण नळाच्या तोंडाशी मनगटाएवढी पडणारी धार बघता बघता करंगळीएवढी झाली. दोनदा चिखल थुंकला, आणि मग नळातून नुसती वारं ओढल्याची घरघर यायला लागली. शेताच्या दुसऱ्या टोकाला सुरसती फावडं घेऊन दारं धरून उभी होती. पायाखालच्या पाटातलं पाणी जागच्या जागी थांबलं, आणि तिच्या डोळ्यांदेखत मातीनं ते पिऊनही टाकलं.

"भौजी, पाणी आलं का गं तिकडं?" खड्ड्याच्या काठावरून झिनकू ओरडला.

"तुझी बायको आली भाकरी घेऊन. पाणी नाही आलं!"

झिनकू हसला. तिचा हा धाकटा दीर कशालाही हसायचा. त्याची बायको बिट्टन डोक्यावर टोपली आणि कडेवर दोन वर्षांची पोर घेऊन बांधावरून येत होती, तीही पदराआड हसली. सुरसतीचा नवरा जगेसर मात्र हसला नाही. इंजिन ठेवलेल्या खड्ड्यात वाकून तो बराच वेळ नुसता बघत राहिला. खड्डा दहा फूट खोल होता. होळीला खणला तेव्हा पाच फुटांवर भागलं होतं. चैतात आठ झाले, वैशाखात दहा. पाणी जसं खाली जाईल तसं इंजिनही खाली न्यावं लागायचं, नाहीतर ते ओढायचं नाही.

तीन बिघे जमीन होती ती, हरपाल बाबूंची, बटईनं, पिकाच्या वाट्यावर घेतलेली. बटाटा निघाला की फाल्गुनात पिपरमिंटच्या मुळ्या लावायच्या, आणि मग चार महिने त्याला दर आठ दिवसांनी पाणी दाखवायचं. गव्हाला चार पाण्यांत भागतं. पिपरमिंट म्हणजे घरात बसलेला जावई, कितीही पाजा, घसा कोरडाच. आता अजून दोन पाणी द्यायची, दुसऱ्या पाण्यानंतर आठ-दहा दिवस तापू द्यायचं आणि कापून तेल काढायच्या भट्टीवर न्यायचं, एवढंच उरलं होतं. रोप गुडघ्याला लागत होतं. पानाला नुसता हात लागला तरी बोटं गार पडत होती. पण दुपारच्या लूमध्ये, त्या भाजणाऱ्या वाऱ्यात, शेंडे माना टाकायला लागले होते.

"दोन पाणी," जगेसर म्हणाला. "फक्त दोन."

दुसऱ्या दिवशी सुरसती हरपाल बाबूंच्या घरी गहू पाखडायला गेली, तेव्हा जगेसरही तिच्या मागोमाग आला. बाबूंच्या बोअरला विजेची मोटर होती, दोनशे फुटांवरून पाणी उपसायची. बाबू ओट्यावर खाटेवर पडले होते. सकाळचं ऊन त्यांच्या पायापर्यंत आलं होतं.

"मालिक, आठ तास मोटर मिळाली असती तर..."

"जगेसर, ही खाट जरा सावलीत घे रे."

जगेसर थांबला. बाबू उठतील म्हणून वाट बघितली. बाबू उठले नाहीत. मग तो वाकला, खाटेच्या पायथ्याशी दोन्ही हात घातले आणि बाबूंसकट खाट ओढत भिंतीच्या सावलीत नेली. सुरसतीनं मान वर केली नाही. तिच्या सुपातला गहू एका लयीत वर जात होता, खाली येत होता.

बाबूंनी पानाचा विडा उघडला, त्यात पिपरमिंटचा पांढरा खडा टाकला, गालात सारला आणि तोंड उघडून लांब श्वास आत ओढला. "हां," ते म्हणाले. "आता कसं. पोटापर्यंत गार." मग जरा वेळानं, "माझेच वीस बिघे तहानलेत. आधी घरचा देव, मग वेशीतला. तुझा खड्डा आहे ना?"

"दहा फूट झालाय, मालिक."

"मग सोळा कर. जमिनीत पाणी कमी नाही रे, तुमच्या मनगटात जोर कमी आहे. नसेल झेपत तर तसं सांग. पुढच्या साली दुसरा माणूस बघतो."

"झेपंल, मालिक."

दुपारी दोघं घराकडे निघाली. रस्त्यात झाड नव्हतं. बरंच अंतर गेल्यावर जगेसर म्हणाला, "तू काही ऐकलं नाहीस."

"मी गहू पाखडत होते," सुरसती म्हणाली.

खणायला दोन दिवस लागले. आधी टोल्यातली, वस्तीतली माणसं बोलावून इंजिन दोरखंडांनी वर ओढून काढलं. मग दोघं भाऊ आळीपाळीनं खाली उतरायचे. एकानं कुदळ मारायची, टोपलं भरायचं. वर सुरसती आणि बिट्टननं ते ओढून घ्यायचं आणि माती लांब नेऊन टाकायची. खड्डा अरुंद होता. दोन माणसं खाली मावायची पण वळायची नाहीत. उतरायला भिंतीतच पाय ठेवण्यापुरत्या खोबण्या केल्या होत्या. पिवळी माती संपली, मग चिकण लागली, मग ओली वाळू. दोरानं सुरसतीच्या तळहाताची सालं निघाली. संध्याकाळी त्यावर हळद दाबली, सकाळी परत दोर धरला.

खालून झिनकूचा आवाज यायचा.

"भौजी, खाली ये. वर कशाला मरतेस? इथं एकदम डोंगरातली हवा आहे."

"तूच खा ती हवा."

"शहरात म्हणे लोक आपल्या पिपरमिंटच्या गोळ्या चघळतात आणि गारगार श्वास सोडतात. आपण पिकवणारे इथं भाजतोय. मी आता इथंच राहणार. बिट्टन, भाकरी दोरानं सोडत जा!"

"राहा की," बिट्टन वरून म्हणाली. "मीही जरा निवांत झोपेन."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुरसती घागर घेऊन टोल्यातल्या हापशावर गेली. बायकांची रांग होती. राजपती काकी दांडा हापसत होती. साठीच्या पुढची बाई, हाडांचा सापळा. वीस-वीस वेळा हापसावं तेव्हा ओंजळभर पाणी पडत होतं, तेही गढूळ. सुरसतीला बघून तिनं दांडा सोडून दिला.

"ये ये. महाराणी आली. तिला आधी भरू द्या गं. सगळं तिनंच प्यालंय, तळाशी राहिलेलं पण तिलाच द्या."

"काकी, मी एकटीनं लावलंय का पिपरमिंट? तुमचा बब्बन पण बाबूंच्या पिपरमिंटातच राबतोय ना?"

"राबतोय. पोटाला मिळतं म्हणून राबतोय. पण हापशाच्या शेजारी भोक पाडून नाही बसला! तुमचा खड्डा फूटभर खाली गेला की आमचा हापसा फूटभर खाली जातो. परवा माझ्या नातवाला अंघोळ घातली नाही, उसाच्या पाचटानं अंग पुसलं. कळतं का तुला?"

सुरसतीला उत्तर होतं. हापसा आधीच आटत होता, बाबूंची मोटर आधी बंद करायला सांगा, हे म्हणता आलं असतं. पण काकीच्या पायाशी तो नातू बसला होता, ओल्या सिमेंटवर जीभ लावत होता. सुरसती रिकामी घागर घेऊन परत फिरली.

दुसऱ्या दिवशी इंजिन खाली सोडायला टोल्यातून दोनच माणसं आली. आधीच्या वेळी आठ आली होती. मग बायकांनीही दोर धरले. आडव्या बांबूवरून इंजिन इंच इंच खाली गेलं. दोर करकरत होता. सोळा फुटांवर त्याचं बूड वाळूत टेकलं तेव्हा जगेसरनं डोळे मिटून जमिनीला हात लावला.

धुराचा पाइप मात्र पुरेना. होता तो नऊ फुटांचा. खड्ड्याच्या मध्यावरच त्याचं तोंड संपत होतं.

"बाजारातून तुकडा आणून जोडू," जगेसर म्हणाला. "शुक्रवारी."

"शुक्रवारपर्यंत पीक थांबंल?" झिनकू म्हणाला. "धूर वरच जातो दादा. धूर कधी खाली जातो का? खेकड्यासारखा?"

हँडल मारलं. तीनदा नुसतं खोकलं, चौथ्यांदा धरलं. नळातून पाणी फसफसत आलं आणि पाटात कोसळलं. बिट्टननं त्यात पाय बुडवले, पोरीचे पाय बुडवले. झिनकू तोंड धुवून ओरडला. सुरसतीलाही हसू आलं. ती फावडं घेऊन वाफ्यांकडे पळाली, कारण पाणी तिच्या आधी पोचत होतं. त्या दिवशी पिपरमिंटनं माना वर केल्या. दुपारभर सगळ्या शेतावर असा वास दाटला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

दर दोन तासांनी कोणीतरी खाली उतरून डिझेल घालायचं, इंजिनाच्या अंगावर पाणी ओतायचं. झिनकू अंगानं हलका, तोच उतरायचा. चौथ्या खेपेला वर आला तेव्हा त्याचं तोंड लाल झालं होतं, जत्रेत नाचून आल्यासारखं. बांधावर बसला आणि सकाळचा सातू ओकून टाकला.

"लू लागली," जगेसर म्हणाला.

घरी दोघा भावांच्या म्हाताऱ्या अम्मानं कैरी भाजून पन्हं केलं, कांदा चुरून तळपायाला चोळला. झिनकूचं डोकं फुटत होतं. अम्मानं कोनाड्यातून गेल्या साली भट्टीवरून आणलेली तेलाची बारकी बाटली काढली आणि त्याच्या कपाळाला थेंब चोळला. तो गमछ्यावरही दोन थेंब टाकून हुंगत पडला.

"अम्मा, हे नाकात गेलं की छातीची दारं उघडतात. आता खाली जाताना हेच लावून जाणार. धूर लागणार नाही."

दुसऱ्या दिवशी तो बरा झाला. सकाळी खड्ड्यात बघायला गेला तर तळाशी बेडूक पडले होते. गारव्याला रात्री उतरलेले. सात-आठ, सगळे उताणे, पांढरी पोटं वर. त्यानं फावड्यावर घेऊन ते एकेक करून वर भिरकावले. एक सुरसतीच्या पायाशी पडला. तिनं काठीनं त्याला हलवलं. जखम नाही, चेंगरलेला नाही. अख्खा होता, आणि मेलेला.

त्या दिवशी जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, "पाइप आणल्याशिवाय दुसरं पाणी नको. माझ्या माहेरी धान्याच्या पेवात तिघं भाऊ गेले, ठाऊक आहे ना? पहिला खाली बेशुद्ध पडला म्हणून दुसरा उतरला. दुसरा येईना म्हणून तिसरा."

"पेव बंद असतं. त्यात धान्य कुजतं. हा खड्डा वर उघडा आहे, आभाळ दिसतं आतून."

"बेडूक का मेले मग?"

"बेडूक मरतातच जेठात." जगेसरनं ताट सरकवलं. "आणतो म्हटलं ना शुक्रवारी."

शुक्रवारी तो बाजारात गेला. तेवढ्या जाडीचा पाइप नव्हता. दुकानदार म्हणाला, पुढच्या आठवड्यात या. सगळेच मागतायत, सगळ्यांचेच खड्डे खोल गेलेत.

सोमवारी दुसऱ्या पाण्याचा दिवस आला. त्या दिवशी पहाटेपासून वारा नव्हता. लूसुद्धा नव्हती. पूर्वेकडून ओलसर, जड उकाडा चढत होता आणि आभाळ दुधाळ झालं होतं. चुलीचा धूर छपराखालीच लोंबत होता, बाहेर निघायला तयार नव्हता. अम्मा म्हणाली, "पुरवा येणार, पूर्वेचा वारा. पंधरवड्यात पाऊस येतो बघ." कापणीआधी पाऊस पडला तर पानातलं तेल धुवून जातं, भट्टीला नुसता पाला लागतो. म्हणून घाई दुप्पट झाली. आज पाणी दिलं तरच वेळेत कापता येणार होतं.

सकाळी दहापर्यंत अर्धं शेत भिजलं. झिनकू दोनदा उतरून आला. तिसऱ्या खेपेला दुपार झाली होती. त्यानं बाटलीतलं उरलेलं सगळं तेल गमछ्यावर ओतलं, गमछा नाकातोंडावर बांधला आणि डोळे मिचकावले. "बघ भौजी. डाकू." डिझेलचा डबा दोराला अडकवून त्यानं आधी सोडला, मग स्वतः उतरला.

सुरसती वाफे मोडत पुढं गेली. एक वाफा भरला, दुसरा भरला, तिसरा. चौथ्याचं दारं मोडताना तिच्या मनात आलं, झिनकूचं गाणं ऐकू आलं नाही. वर आला की तो काहीतरी गुणगुणायचा. तिनं मागं वळून बघितलं. काठावर कोणी नव्हतं. डब्याचा दोर तसाच खाली लोंबत होता. इंजिन धडधडत होतं.

जगेसर पलीकडच्या बांधावर पाट बुजवत होता.

"अहो! झिनकू वर आला का?"

त्यानं मान वर केली, आणि दोघंही एकदमच पळाली. सुरसती त्याच्यापेक्षा जवळ होती, म्हणून ती आधी पोचली. तिनं वाकून बघितलं. खाली निळसर धुकं साचलं होतं. त्यात झिनकू इंजिनाशेजारी भिंतीला टेकून बसला होता, पाय पसरून, हनुवटी छातीवर. गमछा नाकावर तसाच घट्ट. विसावा घेत असल्यासारखा.

"झिनकू! ए झिनकू!" जगेसर ओरडला आणि त्यानं पहिल्या खोबणीत पाय घातला.

सुरसतीनं मागून त्याच्या कमरेला मिठी मारली.

"सोड! सोड मला!"

"नाही."

"तो जिवंत आहे! सोड!"

"तुम्ही गेलात की तुम्ही पण बसाल त्याच्या शेजारी! दोर टाका, माणसं बोलवा..."

त्यानं कोपर मागं मारलं. तिच्या तोंडावर बसलं, आणि जिभेवर रक्ताची चव आली. तिनं पाय आडव्या बांबूच्या खुंट्यात अडकवले आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवली. दोरानं सोललेलं कातडं पुन्हा फाटलं. जगेसर तिच्यापेक्षा दुप्पट ताकदीचा होता. तो तिला खुंट्यासकट काठाकडे ओढत होता. माती खाली घरंगळत होती आणि झिनकूच्या खांद्यावर पडत होती.

"माणसं! अरे धावा, माणसं!" ती किंचाळली.

"हात हलला! तो बघ, हात हलवला त्यानं! सोड गं, तुझ्या पाया पडतो, सोड..."

सुरसतीनं त्याच्या खांद्यावरून खाली बघितलं. मग तिनं कपाळ त्याच्या पाठीत रुतवलं, डोळे मिटले, आणि मिठी आणखी आवळली.

शेजारच्या शेतातून चौघं धावत आले. काकीचा बब्बन पहिला होता. दोघांनी जगेसरला धरून पाडलं आणि त्याच्यावर बसले. बब्बननं लांब बांबूला विळा बांधला आणि काठावर पालथं पडून झिनकूच्या कुडत्यात अडकवायला लागला. पहिल्यांदा कुडता फाटला. दुसऱ्यांदा विळा कंबरेच्या गाठीत अडकला. दोराचा फास करून काखेत घालायला किती वेळ गेला, कोणी मोजला नाही. त्याला वर घेतलं तेव्हा त्याचे गाल आणि ओठ गुलाबी होते, लहान मुलाचे असतात तसे. बब्बननं गमछा सोडला आणि पिपरमिंटच्या वासानं सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

बिट्टन भाकरी घेऊन पोचली ती त्यानंतर.

खाली जाऊन इंजिन बंद करायला कोणीच तयार नव्हतं. डिझेल संपेपर्यंत ते चालत राहिलं. प्रेताभोवती बायका रडत होत्या, आणि नळातून पाणी पाटात पडत होतं, पाटातून वाफ्यात जात होतं. कोणी दारं धरलं नव्हतं तरी ते आपली वाट काढत शेवटच्या वाफ्यापर्यंत गेलं. शेत पूर्ण भिजलं.

पोलीस आले, लिहून घेऊन गेले. हरपाल बाबू मोटरसायकलवरून आले. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी टोपी काढली.

"एवढं अडलं होतं तर मला बोलायचं होतं रे जगेसर. मी काय पाणी नाही म्हटलं असतं?"

जगेसरनं त्यांच्याकडे बघितलं. सुरसतीला वाटलं, आता हा उठेल. तो उठला नाही. मानच हलवली, 'हो' म्हटल्यासारखी.

घाघरा नदीच्या काठावर झिनकूला जाळून आले. त्या दिवसापासून जगेसर बायकोशी बोलला नाही. तिनं वाढलेलं जेवला नाही. अम्मानं वाढलं तर दोन घास. टोल्यात मात्र तो सगळ्यांना तेच सांगत होता. "हात हलला होता. मी बघितला. मी उतरलो असतो तर काढला असता." आणि टोला ऐकून घेत होता. हापशावर सुरसती गेली की आवाज बंद व्हायचे. एकदा मागून कोणीतरी म्हणालं, "आपला नवरा राखला तिनं. दीर काय, दुसऱ्या बाईचा नवरा." तिनं वळून बघितलं तर राजपती काकी उभी होती. पण ती बोललेली नव्हती. काकीनं पुढं होऊन तिची घागर हापशाखाली लावली आणि दांडा हापसायला लागली.

पोलीस लिहून घ्यायला आले तेव्हाही त्यांनी सुरसतीला विचारलं होतं. "हात हलला होता?" ती म्हणाली होती, "इंजिनाच्या धक्क्यानं सगळंच हलत होतं, साहेब."

एकदा, डोक्यात तेल घालून घेताना, अम्मानं सुरसतीचा हात धरला. मग म्हणाली, "एक राहिला." ती दुवा होती की शिवी, सुरसतीला कळलं नाही.

जगेसर रोज दुपारी शेतावर जायचा आणि खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसायचा. तीन-साडेतीन तास. इंजिन वर काढून नेलं होतं. खाली काळोख आणि थोडं पाणी. तो वाकून बघत असायचा. सुरसती लांबून, दुसऱ्याच्या बांधाआडून, त्याच्यावर नजर ठेवायची. तो उठून घराकडे निघाला की मगच ती बांधाआडून निघायची. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा यायचा.

दहाव्या दिवशी सकाळी पूर्वेला काळी फळी धरली. तेरावा व्हायचा होता, सुतक होतं. पण पिपरमिंट सुतक मानत नाही. शेंडे फुलावर आले होते, पाऊस दोन दिवसांवर होता. सुरसती विळा घेऊन निघाली तर दारात बिट्टन उभी होती. पांढरं लुगडं, हातात विळा. पोर अम्माजवळ ठेवलेली.

"तू कशाला? लोक काय म्हणतील?"

"लोक कापायला येणार आहेत का, दीदी?"

दोघी शेजारशेजारच्या ओळी धरून कापायला बसल्या. मूठ धरायची, विळा ओढायचा, मागं टाकायचं. वास नाकातून मस्तकात जात होता. घामानं अंग निथळत होतं आणि रसानं माखलेले हात मनगटापर्यंत बर्फात घातल्यासारखे होते. बब्बन आणि आणखी दोघं न बोलावता आले आणि शेताच्या त्या टोकापासून कापायला लागले. दुपारपर्यंत दोघींनी मिळून पंधरा ओळी मागं टाकल्या.

मग बिट्टन थांबली. विळा मांडीवर ठेवला. समोर बघतच विचारलं, "दीदी, हात हलला होता का?"

सुरसतीच्या मुठीत कापायची जुडी होती. ती तशीच राहिली. पोलिसांना दिलेलं उत्तर जिभेवर होतं. इंजिनाचा धक्का. ते म्हणणं सोपं होतं, आणि या पोरीला रात्री झोप लागली असती.

"हलला होता," ती म्हणाली. "वर उचलला होता त्यानं. एवढा." तिनं हात जमिनीपासून वीतभर उचलून दाखवला. "मी बघितला, आणि सोडलं नाही."

बिट्टन हलली नाही. तिच्या गळ्यातली शीर उडत होती. सुरसतीला वाटलं, आता ही विळा उचलेल. उचलला असता तरी सुरसती सरकली नसती.

बिट्टनचा आवाज आला तो घसा खरवडून काढल्यासारखा. "दादांना नका सांगू."

"काय?"

"तुम्हीही बघितला, हे दादांना सांगू नका. आता निदान त्यांना शंका आहे. खात्री झाली तर ते खाली उतरतील." तिनं मान वळवून खड्ड्याकडे बघितलं. जगेसर रोजच्यासारखा काठावर येऊन बसला होता. "घरात एवढा एकच पुरुष उरलाय."

मग तिनं विळा उचलला आणि पुढची मूठ कापली. सुरसतीनंही कापली.

संध्याकाळी पिपरमिंट भट्टीवर गेलं. बब्बननं गाडी हाकली. जाताना हरपाल बाबू बांधावर थांबून म्हणाले होते, "पुढच्या सालीही शेत तुझंच, जगेसर. आणि तो खड्डा बुजवू नकोस. आयता आहे. दोन फूट आणखी घेतला की झालं." जगेसर म्हणाला होता, "जी, मालिक."

शेत मोकळं झालं. खुंट्यांवर तिरपं ऊन पडलं. सुरसती टोपलं घेऊन मातीच्या ढिगाजवळ गेली. त्याच दोघींनी दोर ओढून वर काढलेली, लांब नेऊन टाकलेली माती. तिनं टोपलं भरलं, डोक्यावर घेतलं, नवऱ्याच्या शेजारून गेली आणि खड्ड्यात रितं केलं. खाली पाण्यात धप्प आवाज झाला. तिच्यामागून बिट्टन आली, तिनंही रितं केलं.

जगेसर बघत राहिला. तिसऱ्या टोपल्यानंतर तो बोलला. दहा दिवसांत पहिल्यांदा.

"मालकाला काय सांगू?"

"पावसानं ढासळला म्हणा."

"पाऊस आला कुठंय?"

"येईल," सुरसती म्हणाली. "सरका जरा."

तो सरकला नाही. मग त्यानं पाय वर घेतले, उठला आणि बांधाकडे जाऊन त्यांच्याकडे पाठ करून बसला. मदत केली नाही, अडवलंही नाही. दोघी माती वाहत राहिल्या. अंधार पडायला लागला तरी खड्डा अर्धा भरला नव्हता. वारा पडला होता. टोपलं रितं करायला सुरसती वाकली की तिला भोवतालच्या शेतांतून, कुठं दहा फुटांखालून, कुठं अठरा फुटांखालून, जमिनीच्या पोटात चाललेली इंजिनं ऐकू येत होती.